हाजी सबरींच्या खोलीवरची फळी

जिमचा नकाशा कागदावर काढणाऱ्या माणसावर कॅप्टन लुत्फींचा काडीचा विश्वास नव्हता. कागदाला ना खांब कळतो, ना स्लॅब, ना घामाने ओली झालेली फरशी. म्हणून ते बूट-मोजे काढून दाराशी ठेवत, खडूचा तुकडा घेत आणि अनवाणी पायांनी सगळी जागा दोनदा फिरून मगच पहिली रेघ ओढत. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे आणि स्वभाव त्याहून कुरकुरा. जहाजाशी त्यांचा जन्मात संबंध आला नव्हता. खेळ शिकवणाऱ्याला इथे कॅप्टनच म्हणतात. एकेकाळी, फर्निचरसाठी नावाजलेल्या या दुम्यात शहरात नुसतं 'कॅप्टनकडे' म्हटलं की टुकटुकवाला मुकाट्याने त्यांच्या वेटलिफ्टिंगच्या हॉलपाशी आणून सोडायचा. आता टुकटुकवालेही नवे आले आणि हॉलही राहिला नाही. छत धोक्याचं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला कुलूप लागलं.

आता ज्या नव्या जिमचा नकाशा ते आखत होते ती जागा म्हणजे फर्निचरचं जुनं दालन होतं, दुसऱ्या मजल्यावरचं. शहरातली निम्मी दालनं गेल्या काही वर्षांत अशीच बंद पडली, आणि बंद पडलेल्या दालनात एकतर लग्नाचा हॉल निघतो नाहीतर जिम. हैसम नावाच्या इंजिनियरने ते भाड्याने घेतलं होतं. बारा वर्षं कुवेतमध्ये राबून आलेला, मनाने वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट डझनात घ्यायची त्याला खोड.

"कॅप्टन, मी म्हणतो, एकाच जातीचे वीस रॉड घेऊन टाकू. एका रांगेत झकास दिसतील."

"तुमच्या घरात स्वयंपाकाला एकच चमचा आहे का?" कॅप्टननी खडू न थांबवता विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे चहाही त्याने ढवळता आणि हंडीतलं मटणही त्यानेच काढता का, असं विचारतोय. इकडे या. बूट काढून या."

आणि मग त्यांनी त्या इंजिनियरला मोज्यांवर फिरवत सगळी जागा दाखवली. दाराजवळ खिडकीखाली नवशिके. त्यांना हलके आखूड रॉड, दहा किलोचे, कारण नवा माणूस आधी हालचाल शिकतो, ताकद नाही, आणि दाराजवळ एवढ्याकरता की लाज वाटली तर त्याला पटकन पळता यावं. मधल्या आरशासमोर दंड फुगवणारे. त्यांना वाकडा रॉड, मनगटाला सोसणारा. "हे लोक आरशापासून हलत नाहीत, तेव्हा त्यांच्या पाठीमागून कुणी जड वजन घेऊन जाता कामा नये." डाव्या भिंतीला बैठकांचे स्टँड आणि बेंच. तिथे जाड, ताठ रॉड. दोनशे किलो चढवले तरी न वाकणारा, मधोमध पाठीच्या कपड्याला धरून राहील अशी खरखरीत नक्षी असलेला. त्याची टोकं जेमतेम फिरतात. फिरायची गरजही नसते, कारण बैठकीत रॉड खांद्यावर नुसता बसून असतो. आणि शेवटचा चौकोन कॅप्टननी काढला तो तीन मीटर बाय तीन मीटरचा, मोजूनमापून, गुडघ्यांवर बसून.

"ही फळी," ते म्हणाले. वेटलिफ्टिंगवाले जिच्यावर उभे राहून वजन डोक्यावर नेतात आणि वरूनच सोडून देतात, तिला ते नुसतं 'फळी'च म्हणत. "इथे बायकांचा पंधरा किलोचा रॉड. बारीक, लवचिक, टोकांत बेअरिंग. स्नॅचमध्ये, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर नेताना, रॉड हातात फिरला पाहिजे. नाही फिरला तर त्याच्याऐवजी मनगट फिरतं."

"पण इथे वेटलिफ्टिंग करणार कोण?"

"सुहैला."

सुहैला ही कॅप्टनची उरलेली एकुलती एक शिष्या. वय एकोणीस, सकाळी चीजच्या दुकानात काम, दुपारी सराव. हॉलला कुलूप लागल्यापासून ती एका शाळेमागच्या आवारात उघड्यावर उचलत होती, जुनी टायरं अंथरून. नकाशाबद्दल आणि रॉड निवडण्याबद्दल कॅप्टननी हैसमकडून छदाम घेतला नव्हता. मागितला तो हा चौकोन.

हैसमने मान खाजवली. "वर्षभर देतो, कॅप्टन. खरं सांगतो, एवढ्या जागेत चार ट्रेडमिल बसतात. पोरीने राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं तर फळी कायमची, तिचा फोटो दारावर लावू. नाही आणलं तर मला दोष देऊ नका."

"नाही देणार," कॅप्टन म्हणाले. व्यवहार चोख होता.

पण फळीची जागा ठरवली ती खरं म्हणजे घरमालकांनी. हाजी सबरी लाकडावर वेलबुट्टी कोरणारे कारागीर होते. तळमजल्यावर त्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी हाज्जा इन्साफ, आणि त्यांच्या डोक्यावर ही जिम. कॅप्टन खडूने रेघा ओढत असताना ते लाकडी मोगरी घेऊन वर आले आणि फरशीवर ठोकत, कान लावत, वाकून सगळीकडे फिरले.

"इथे नको. इथे पोकळ आहे," ते म्हणाले. "इथेही नको. हं, ही बघा तुळई. अशी जाते. दोन खांबांवर आहे, हत्ती नाचवा."

"ही तर तुमच्या झोपायच्या खोलीवर येते, हाजी."

"मग येऊ दे की."

"अहो, ती पोर रोज साठ-सत्तर किलो डोक्यावरून टाकणार. रबरी प्लेट्स असल्या तरी आवाज होणारच."

"कॅप्टन, मी चाळीस वर्षं पटाशी आणि मोगरी ऐकतोय. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद ठेवतो, तर घर कसं मढं पडल्यासारखं झालंय. मला शांततेत झोप लागत नाही, हे बायकोला विचारा. पाडा बिनधास्त."

कॅप्टन हसले. बोलण्याची तऱ्हा म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

फळीही हाजींनीच बनवली. कुणा नवरीच्या पलंगासाठी आणलेलं बीच जातीचं लाकूड होतं, लग्न मोडलं म्हणून पडून राहिलेलं. थरथरत्या हाताने त्यांनी पंधरा दिवस रंधा मारला आणि कडेला, कुणाच्या पायात येणार नाही अशी, एक बारीक वेल कोरली. कॅप्टननी प्रत्येक रॉडच्या टोकाला रंगाचा पट्टा मारला: नवशिक्यांचा पांढरा, आरशाचा पिवळा, स्टँडचा तांबडा, फळीचा निळा. ज्या जागेचा रॉड त्याच जागी. एकदा एका औषधविक्याने निळा रॉड बैठकांना नेला, तर कॅप्टननी भर जिममध्ये त्याची अशी खरडपट्टी काढली, की तो तीन दिवस आलाच नाही.

दहा महिने चांगलं चाललं. दुपारी चारच्या सुमाराला, असरच्या नमाजनंतर, सुहैला फळीवर उभी राही आणि घर दणाणू लागे. सराव संपवून ती खाली उतरायची तेव्हा हाजी सबरी आपल्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे.

"आज एकतीस पडले," ते सांगायचे. "सव्विसावा वाईट पडला. एक बाजू आधी आली."

"डावा खांदा, हाजी. कॅप्टननी पण तेच सांगितलं."

"मग पुढच्या वेळी कॅप्टनऐवजी मलाच विचारत जा."

ज्या दिवशी तिने पहिल्यांदा ऐंशी किलो उचलले, त्या दिवशी सगळी जिम जिन्यावरून धावत खाली गेली आणि हाजींनी दोन किलो मशब्बक, जिलबीसारखं पाकातलं, मागवलं. पाकाने सगळ्यांचे हात चिकट झाले आणि कॅप्टन ओरडले, की या हातांनी कुणी रॉडला शिवायचं नाही. राष्ट्रीय स्पर्धेला तेव्हा दोन महिने होते.

मग एका गुरुवारी पहाटे हाजी सबरी झोपेतच गेले.

गल्लीत मांडव पडला. कुराणपठण झालं, बिनसाखरेची कॉफी फिरली. कॅप्टन खुर्च्यांच्या रांगेत तिन्ही दिवस बसले आणि "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो" हे वाक्य मयताच्या भावाला तिन्ही दिवस म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आतून पोकळ झाल्यासारखं. चौथ्या दिवशी जिम उघडली तेव्हा हैसमने न सांगताच गाण्यांच्या स्पीकरवर पांढरी चादर घातलेली होती. कॅप्टनना तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडला.

त्यांच्या लहानपणी खेड्यात शेजारी कुणी गेलं, की आई रेडिओवर कापड टाकायची आणि ते चाळीस दिवस निघत नसे. भांडीसुद्धा अंगणात न घासता आत घासायची. एकदा धाकट्या भावाने पत्र्याचा डबा बडवला, तर तिने त्याला हुंदके येईपर्यंत मारलं आणि मग स्वतः रडत बसली. ते कापड कॅप्टनच्या डोक्यात अजून होतं.

चार वाजता सुहैला आली, हातांना खडूची भुकटी लावली आणि फळीपाशी थबकली.

"कॅप्टन, मी खाली जाऊन हाज्जांना विचारून येऊ का? त्या नाही म्हणणार नाहीत."

"तेच तर. नाही म्हणणार नाहीत." कॅप्टनचा आवाज चढला. "नवरा जाऊन चार दिवस झालेत आणि आपण दारात उभं राहून विचारायचं, की बाई, तुमच्या डोक्यावर लोखंड पाडू का? तिला हो म्हणावंच लागेल. ते विचारणं नव्हे पोरी, ते मागणं झालं. आपल्याला काही लाज आहे की नाही?"

"मग कसं करायचं? हाजी गेल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी स्पर्धा आहे."

"पाडायचं नाही. हातांनी खाली आणायचं. डोक्यावरून मांडीवर, मांडीवरून हळूच फळीवर. ब्लँकेटं अंथरू."

पहिल्याच उचलीला त्यांच्या लक्षात आलं, की आवाज नुसता पडण्याचा नसतो. निळा रॉड लवचिक. डोक्यावर गेला की थरथरतो, प्लेट्स एकमेकींवर कडकड वाजतात, बेअरिंग किणकिणतं. दालन रिकामं असल्यासारखं ते सगळीकडे घुमलं आणि कॅप्टनच्या अंगावर काटा आला. खाली हाज्जा एकटी बसली असेल, कदाचित त्याच पलंगावर. त्यांनी सुहैलाला थांबवलं, डाव्या भिंतीशी गेले आणि बैठकांच्या स्टँडवरून तांबड्या पट्ट्याचा रॉड उतरवून आणला. तो जाड, ताठ, मुका होता.

आरशासमोरचा औषधविक्या बघतच राहिला. "कॅप्टन, तांबडा घर चुकला वाटतं."

"तू तुझे दंड बघ," कॅप्टन म्हणाले. त्यांना स्वतःचाच राग आला होता.

सुहैलाने रॉड हातात घेतला, बोटं त्याच्याभोवती पुरी बसेनात म्हणून दोनदा पकड बदलली. उचलला, आणला खाली.

"हा फिरत नाही, कॅप्टन."

"माहितीये मला. चाळिसाव्यापर्यंत छत्तीस दिवस काढायचे. हलकं उचल, घाई करू नको."

ती पुन्हा रॉडवर वाकली. कॅप्टननी सांगितलं की झालं, असं तिचं पहिल्यापासून होतं. हा तिचा गुण असं कॅप्टन चारचौघांत सांगत.

रोज चार वाजता मग तो मुका सराव सुरू झाला. डोक्यावरचं वजन हातांनी उतरवणं हे उचलण्याहून वाईट असतं. तिच्या मांड्यांवर निळे-जांभळे वळ उठले, मनगटांना पट्ट्या आल्या. सगळ्यांत वाईट हे, की कॅप्टननी तिला पाच वर्षं एक गोष्ट कानीकपाळी ओरडून शिकवली होती: गेलेला रॉड जाऊ द्यायचा. तोल गेला, वजन मागे चाललं, की हात सोडायचे आणि पुढे उडी मारायची. लोखंडाला फरशी मिळते, माणसाला दुसरा हात मिळत नाही. आता ते रोज उलटं सांगत होते. धर. सोडू नको. हळू. धर.

कधीकधी सराव चालू असताना खाली दार वाजे, पावलं जिन्याच्या तोंडापर्यंत येत आणि थांबत. मग कॅप्टन तोंडावर बोट ठेवत आणि सगळे आपापल्या जागी श्वास रोखून उभे राहत. पावलं परत जात. "बघ, आवाज गेला असेल," कॅप्टन कुजबुजत, आणि आणखी एक ब्लँकेट अंथरलं जाई.

चौतिसाव्या दिवशी जड वजन उचलून बघणं भागच होतं. स्पर्धेला नऊ दिवस उरले होते आणि अर्जात पहिल्या उचलीचं वजन किती लिहायचं ते ठरवायचं होतं. कॅप्टननी ब्याऐंशी चढवले. एक क्षण त्यांचा हात निळ्या रॉडकडे गेला. अजून सहाच दिवस, त्यांनी मनाशी म्हटलं, चाळिसावं होऊ दे, एवढं केलं ते कशाला घालवायचं. आणि हात मागे घेतला.

सुहैलाने रॉड खेचला. वेग चांगला होता, ती खाली शिरलीही झकास, पण वर जाऊन रॉड फिरलाच नाही. मनगटं जिथे पोचायला हवी होती त्याच्या किंचित अलीकडे अडकली आणि ब्याऐंशी किलो तिच्या डोक्यामागे कलले. कॅप्टननी ते पाहिलं. सोड, असं त्यांच्या तोंडात आलं होतं. ते म्हणाले की नाही ते त्यांना पुढे कधीच आठवेना. तिने सोडलं नाही. तिने धरून ठेवलं, हळू आणायला गेली, आणि उजवं कोपर उलट्या बाजूला गेलं.

मग रॉड पडलाच. ब्लँकेटांवर नाही, त्यांच्या पलीकडे, वरून, सगळ्या वजनाने. खिडक्यांची तावदानं हलली.

हैसमने तिला उचललं, औषधविक्याने हात जसा होता तसा टॉवेलात बांधला आणि सगळे जिन्यावरून धावत खाली उतरले. हाज्जांचं दार बंद होतं. टुकटुक मिळाली.

डॉक्टरने कोपर बसवलं, पण आतले बंध तुटले होते. शस्त्रक्रिया, मग सहा महिने. भाजीची पिशवी उचलेल, पोळी लाटेल, तो म्हणाला. पुन्हा वजन डोक्यावर न्यायचं विचारल्यावर त्याने चष्मा पुसला आणि पुसतच राहिला. कॅप्टन पलंगाशेजारी बसले. पाच वर्षांत त्यांनी त्या पोरीला रडताना पाहिलं नव्हतं आणि ती आताही रडत नव्हती.

"माझा हात सुटायला आला होता, कॅप्टन," ती छताकडे बघत म्हणाली. "शपथेवर सांगते. शिकवलं होतं तसाच. मग खाली हाज्जा बसल्यात हे डोळ्यांपुढे आलं."

रॉड मी चुकीचा दिला, असं म्हणायला कॅप्टन आले होते आणि ते म्हणालेही, पण तिने नुसती मान हलवली, जणू ते जुनंच होतं.

गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, फक्त हाज्जा इन्साफला कुणी सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका इकडचं तिकडचं बोलत आणि उठत. तिच्या दुःखात आणखी भर कशाला, असं ज्याला त्याला वाटलं. या गल्लीची माणसं फार चांगली आहेत.

चाळिसाव्या दिवशी दुपारी कॅप्टन दालनात एकटेच होते. हैसम सकाळी येऊन गेला होता, फळीच्या चौकोनाला टेप लावून. "मी घाई करत नाही, कॅप्टन," तो म्हणाला होता, आणि त्याला खरंच कसंतरी होत होतं. "पण स्पर्धा तर गेलीच." कॅप्टन अनवाणी उभे होते, हातात खडू होता, आणि ट्रेडमिल भिंतीपासून किती अंतरावर ठेवायच्या ते ते काढत होते. ठरलं होतं तसंच चाललं होतं.

जिन्यात पावलं वाजली. काळ्या कपड्यातल्या हाज्जा इन्साफ कठड्याला धरून वर आल्या. हातात टोपली, टोपलीत मयताच्या नावाने वाटायच्या छोट्या रोट्या आणि खजूर.

"घ्या, कॅप्टन. हाजींच्या रूहसाठी."

"अल्ला त्यांना रहमत देवो. तुम्ही कशाला जिना चढलात?"

"तुम्ही कुणी खाली येत नाही म्हणून." त्या फळीच्या कडेला, वेलबुट्टीपाशी, बसल्या. "एक विचारायचं होतं. मी रोज ठरवते आणि जिन्याच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरते. म्हटलं, तुमची काही अडचण असेल. तुम्ही उचलणं बंद का केलंत?"

कॅप्टननी खडू खिशात टाकला.

"हाजी गेले ते गेले. चार वाजले की तेवढीच सोबत होती घरात. ते मला शिकवायचे: हा गुडघ्यावरून पडला, हा खांद्यावरून, हा डोक्यावरून. मला हसू यायचं, पण सवय झाली. ते गेले आणि वरचाही आवाज गेला. मला वाटलं, ते होते म्हणून पोरगी यायची. आता कोण येतंय."

"हाज्जा, आम्हाला वाटलं..."

"एकदा मात्र आला आवाज. सहा दिवसांपूर्वी. मोठा, डोक्यावरूनचा." हाज्जांचा चेहरा उजळला. "बहीण बसली होती माझ्याजवळ. मी म्हटलं, ऐक, सुरू झाली बघ सुहैला. हाजींच्या फोटोलाही सांगितलं. आणि तुम्ही सगळे जिन्यावरून धावत उतरलात ना, तेव्हा तर मी पर्समधून पैसे काढून ठेवले. म्हटलं, नवीन वजन उचललं असणार, मशब्बक आणायला चाललेत, मला हाक मारतील. मग कुणी आलंच नाही. किती होतं ते?"

"ब्याऐंशी," कॅप्टन म्हणाले.

"मग चांगलंच की." हाज्जांनी टोपलीतून चार रोट्या काढून वेगळ्या कागदात बांधल्या. "या तिच्या. आणि सांगा तिला, म्हातारीने उद्यापासून पाडायला सांगितलंय. चार वाजता मी खिडकी उघडी ठेवते."

सांगायला हवं होतं. आता, याच क्षणी, फळीवर त्यांच्याशेजारी बसून. आयुष्यभर लोकांची खरडपट्टी काढणाऱ्या त्या माणसाने पुडकं हातात घेतलं आणि तो म्हणाला, "सांगतो, हाज्जा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॅप्टननी बूट-मोजे काढून दाराशी ठेवले. ब्लँकेटं गुंडाळून बाजूला केली. निळ्या पट्ट्याचा रॉड आणला, दोन्ही टोकांना रबरी प्लेट्स चढवल्या, जेवढ्या बासष्टाव्या वर्षी झेपतील तेवढ्या, आणि फळीच्या मध्यावर उभे राहिले. खालची खिडकी उघडी होती. तिचा पडदा बाहेर आलेला वरून दिसत होता.

त्यांनी वाकून रॉड उचलला. तो गुडघ्यांच्या वर आला, आणखी वर येईना. सोडला. फळी वाजली. पुन्हा उचलला, पुन्हा तेवढाच, पुन्हा सोडला. खाली काही हालचाल नव्हती. तिसऱ्या वेळी त्यांनी दात आवळून तो खांद्यापर्यंत न्यायचा प्रयत्न केला, गुडघा कटकन वाजला आणि रॉड मांडीला घासत खाली गेला, एक बाजू आधी.

मग खाली खिडकी हळूच ओढून घेतली गेली आणि तिची कडी लागली.

गुडघ्यावरून पडलेला कोणता आणि डोक्यावरून पडलेला कोणता, हे त्या बाईला कळत होतं. वर सुहैला नाही हे तिला कळलं होतं, आणि त्या दिवशी माणसं जिन्यावरून कशासाठी धावली असतील तेही आता कळायला फार वेळ लागणार नव्हता. कॅप्टननी रॉड पुसला, जागेवर ठेवला आणि मोजे शोधू लागले.